विनाशिकांच्या परिचर्यानौका

२६ डिसेंबर १९४४ रोजी पॅसिफिक महासागरातील उलिथी या प्रवाळद्वीपाच्या शांत सरोवरात नांगरलेल्या एका जहाजावर अमेरिकी नौदलाचे चौकशी मंडळ बसले. आठ दिवसांपूर्वी, १८ डिसेंबरला, फिलिपिन्सच्या पूर्वेस झालेल्या चक्रीवादळात ॲडमिरल विल्यम हॉल्सी यांच्या तिसऱ्या आरमारातील 'हल', 'मॉनहन' आणि 'स्पेन्स' या तीन विनाशिका उलटून बुडाल्या होत्या. सुमारे ७९० माणसे मृत्युमुखी पडली होती. मंडळाचे अध्यक्ष व्हाइस ॲडमिरल जॉन हूवर होते. सरकार पक्षाच्या वतीने साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचे काम कॅप्टन हर्बर्ट गेट्स यांच्याकडे होते. ज्या जहाजावर हे सारे चालले होते त्याचे नाव 'कॅस्केड' आणि त्याचे कप्तान हेच गेट्स.

'कॅस्केड' ही युद्धनौका नव्हती. विनाशिकांची देखभाल करणे, त्यांची यंत्रे उघडून पुन्हा बसवणे, त्यांना वाफ, वीज, पाणी, सुटे भाग, दारूगोळा आणि औषधपाणी पुरवणे यासाठीच तिची नेमणूक होती. त्या चौकशीचा वृत्तांत अनेक ग्रंथांत सविस्तर येतो. हॉल्सींचे निर्णय, बॅरोमीटरचा उतरता पारा, वाचलेल्या खलाशांच्या साक्षी हे सर्व त्यांत असते, आणि 'कॅस्केड'चा उल्लेख स्थलनिर्देशापुरता येतो. न्यायालयाच्या इमारतीचा यावा तसा. वस्तुतः विनाशिका कशी तरते, कशाने दुबळी होते आणि कशाने बुडते याचे ज्ञान त्या महासागरात जर कोठे एकवटले असेल, तर ते अशाच जहाजांवर. गेट्स यांची निवडही त्यांच्या यांत्रिकी ज्ञानामुळेच झाली होती.

या जहाजांना मराठीत रूढ नाव नाही. इंग्रजांनी त्यांना 'डेपो शिप' म्हटले, म्हणजे तरते कोठार. अमेरिकनांनी 'टेंडर' म्हटले. हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडला की आधी सरकारी निविदाच आठवते. परंतु येथे त्याचा अर्थ शुश्रूषा करणारी, जवळ राहून जपणारी असा आहे. जपानी भाषेत अशा जहाजाला 'बोकान' म्हणत, म्हणजे मातृनौका. तिन्ही नावांत तीन दृष्टी आहेत. इंग्रज नावात माल दिसतो, जपानी नावात नाते दिसते आणि अमेरिकी नावात कृती दिसते. यांतील कृतीला प्राधान्य देऊन 'परिचर्यानौका' हा शब्द येथे योजला आहे.

परिचर्येची गरज विनाशिकेच्या जन्मातच होती. १८७०नंतर स्वयंचलित पाणतीर प्रचारात आले आणि ते सोडणाऱ्या लहान वेगवान नौका मोठ्या युद्धनौकांना भारी पडू लागल्या. त्यांचा नाश करण्यासाठी १८९३ साली ब्रिटिश नौदलात 'हॅवॉक' ही नौका आली आणि 'पाणतीरनौका-विनाशिका' हा नवा वर्ग सुरू झाला. पुढे नावाचा पूर्वार्ध गळून 'विनाशिका' एवढेच उरले. वेग हा या नौकेचा धर्म होता आणि वेगासाठी बाकी सर्व गोष्टींचा त्याग करण्यात आला होता. पातळ पत्रा, अरुंद सांगाडा, पोटात जवळजवळ निव्वळ बॉयलर आणि इंजिने. कारखाना, कोठार, रुग्णालय यांना तिच्यात जागाच नव्हती. एखाद्या धावपटूने अंगरखादेखील जड होतो म्हणून घरी ठेवावा, तसा तिने आपला संसार दुसरीकडे ठेवला. तो सांभाळणारे दुसरे जहाज मग अपरिहार्य ठरले.

असे जहाज विनाशिकेच्याही आधी अस्तित्वात होते हा इतिहासातील गमतीचा भाग. १८७८ साली ब्रिटिश नौदलाने बांधणी चालू असलेले एक व्यापारी जहाज विकत घेतले, 'हेक्ला' असे त्याचे नामकरण केले आणि ते पाणतीरांच्या व पाणतीरनौकांच्या सेवेला लावले. या 'हेक्ला'चे कप्तान ए. के. विल्सन यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; मात्र तो १८८४ साली सुदानात एल तेबच्या लढाईत, जमिनीवर, हातघाईच्या झुंजीबद्दल होता. कोठाराच्या जहाजावरचा माणूस कीर्ती मिळवण्यासाठी जहाज सोडून वाळवंटात उतरावा लागतो, हे या जहाजांच्या पुढील सर्व इतिहासाचे जणू पूर्वचिन्हच होय.

पहिल्या महायुद्धात त्यांची खरी कसोटी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्वीन्सटाऊन बंदरात लागली. जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची कोंडी केली होती. अमेरिका युद्धात उतरल्यावर ४ मे १९१७ रोजी कमांडर जोसेफ टॉसिग यांच्या नेतृत्वाखाली सहा अमेरिकी विनाशिका तेथे पोचल्या. समुद्रावर कधी निघू शकाल, या ब्रिटिश ॲडमिरल लुइस बेली यांच्या प्रश्नाला टॉसिग यांनी आपण तयारच आहोत अशा अर्थाचे उत्तर दिले, ते अमेरिकी नौदलाच्या दंतकथांत जाऊन बसले. बर्नार्ड ग्रिबल या चित्रकाराने त्या आगमनाचे चित्र काढले आणि त्याला 'मेफ्लॉवरचे पुनरागमन' असे नाव दिले. चित्रात विनाशिका येताना दिसतात आणि किनाऱ्याजवळची माणसे त्यांच्याकडे पाहतात. त्यानंतर अठरा दिवसांनी, २२ मे रोजी, 'मेलव्हिल' ही परिचर्यानौका त्याच बंदरात आली. तोवर चित्राचा क्षण संपून गेला होता.

साहित्याच्या विद्यार्थ्याला 'मेलव्हिल' म्हटल्यावर देवमाशाचा पाठलाग करणारी कादंबरी आठवेल. पण हे नाव कादंबरीकार हर्मन मेलव्हिल यांचे नव्हे. जॉर्ज वॉलेस मेलव्हिल हे आर्क्टिक मोहिमेतून जिवंत परतलेले आणि पुढे अमेरिकी नौदलाचे मुख्य अभियंता झालेले गृहस्थ होते. दुरुस्तीच्या जहाजाला अभियंत्याचे नाव, हा औचित्यविचार मान्य केला पाहिजे.

युरोपातील अमेरिकी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल विल्यम सिम्स यांचे कार्यालय लंडनला होते. पण त्यांचा ध्वज फडकत होता तो 'मेलव्हिल'वर. काही दिवसांनी 'डिक्सी' नावाची दुसरी परिचर्यानौकाही आली. या दोन्ही जहाजांचे कप्तानपद भूषवलेले जोएल प्रिंगल हे बेली यांचे अमेरिकी बाजूचे प्रमुख साहाय्यक झाले. अटलांटिकच्या थंडीतील लाटांवर पाच-सहा दिवस गस्त घालून विनाशिका परतत तेव्हा त्यांचे पत्रे पिचलेले असत, पंपांचे वाल्व झिजलेले असत, बॉयलरच्या नळ्या क्षारांनी व काजळीने भरलेल्या असत. दोन-तीन दिवसांत सारे उरकून त्या पुन्हा समुद्रावर जात. ब्रिटिश गोद्या स्वतःच्या जहाजांनी तुडुंब होत्या आणि अमेरिका तीन हजार मैल दूर होती. सिम्स यांनी युद्धानंतर लिहिलेल्या 'द व्हिक्टरी ॲट सी' या १९२० सालच्या ग्रंथात या दुरुस्तीनौकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. या ग्रंथाला इतिहासासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. सेनापतीने कारखान्याची स्तुती करावी ही घटना युद्धेतिहासात विरळाच.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत विनाशिका बरीच मोठी आणि गुंतागुंतीची झाली. अमेरिकेने १७५ नौका बांधल्या त्या 'फ्लेचर' वर्गाची विनाशिका ३७६ फूट लांब होती. तिची इंजिने ६०,००० अश्वशक्तीची होती आणि तिच्यावर सुमारे तीनशे माणसे राहत. चार बॉयलर, दोन टर्बाइन-संच, पाच मोठ्या तोफा, दहा पाणतीरनळ्या, रडार, घूर्णक होकायंत्र, अंतरमापक दुर्बिणी हे सर्व एका अरुंद लोखंडी कोशात कोंबलेले. यांतील काही ना काही सतत बिघडत असे. १९४० साली नौदलात दाखल झालेली नवी 'डिक्सी' आणि तिच्या बहिणी 'प्रेअरी', 'पिडमाँट', 'सिएरा', 'योसेमिटी' या याच गरजेतून बांधल्या गेल्या. सुमारे ५३० फूट लांबी, हजारावर माणसे. त्यांच्या पोटात ओतशाळा होती, लाकडी नमुने घडवणारी सुतारशाळा होती, लेथ आणि कातकामाची यंत्रे होती, नळकाम आणि तांबटकाम होते, विजेच्या मोटारी पुन्हा गुंडाळण्याची सोय होती, भिंगे घासून बसवणारी शाळा होती, पाणतीर उघडून तपासण्याची जागा होती. शिवाय भटारखाना, धोबीखाना, दंतवैद्य, शस्त्रक्रियागृह, न्हावी आणि टपाल. कातारी, ओतारी, जोडारी, लोहार, सुतार, तांबट यांची ही वस्ती म्हणजे एका लोखंडी गावाचे बलुतेदारच. फरक एवढाच, की येथे गाव बलुतेदारांकडे येत असे आणि काम होताच निघून जात असे.

कामाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. नांगरलेल्या परिचर्यानौकेच्या बाजूला चार-पाच विनाशिका एकमेकींना खेटून बांधल्या जात. नौदलाच्या बोलीत याला घरटे म्हणत. मग विनाशिका आपले सर्व बॉयलर विझवी. तिला वाफ, वीज आणि गोडे पाणी मोठ्या जहाजावरून नळांनी व तारांनी येई. ही अवस्था एखाद्या शस्त्रक्रियेच्या रुग्णासारखी असते. श्वास दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेला. थंड झालेल्या बॉयलरच्या आत माणूस शिरे, नळ्या ब्रशाने घासून काढी, भट्टीच्या तडकलेल्या विटा बदली. बाष्पजलात मिठाचा अंश गेला तर नळ्या कुजतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याचा एकेक थेंब मोलाचा. या कामाला शौर्यपदके नसतात. पण ते नीट झाले नाही तर ऐन लढाईत वेग तुटतो.

७ डिसेंबर १९४१च्या सकाळी पर्ल हार्बरमध्ये अशी दोन घरटी होती. 'व्हिटनी'च्या बाजूला 'कॉनिंगहॅम', 'रीड', 'टकर', 'केस' आणि 'सेल्फ्रिज' या विनाशिका होत्या. 'डॉबिन'च्या बाजूला 'फेल्प्स', 'मॅकडॉनो', 'वर्डन', 'ड्युई' आणि 'हल'. जपानी विमाने आली तेव्हा 'व्हिटनी'च्या पाचही विनाशिका तिच्या वाफेवर आणि विजेवर जगत होत्या. त्यांना जागचे हलता येईना, पण तोफा चालत होत्या आणि त्या तोफांना दारूगोळा 'व्हिटनी'ने पुरवला. 'डॉबिन'जवळ पडलेल्या बॉम्बच्या ठिकऱ्यांनी तिच्यावरचे काही खलाशी मारले गेले. उघडलेली यंत्रे घाईघाईने जोडली गेली, बॉयलर पेटवले गेले आणि दिवस मावळण्यापूर्वी यांतील अनेक विनाशिका समुद्रात गेल्या. त्या सकाळी 'डॉबिन'च्या कुशीतून सुटलेली 'हल' ही तीच, जिच्यासाठी तीन वर्षांनी 'कॅस्केड'वर मंडळ बसले.

परिचर्यानौका जवळ नसेल तर काय होते, याचे उदाहरण जावाच्या समुद्रात मिळते. अमेरिकेच्या आशियाई आरमारात पहिल्या महायुद्धाच्या बनावटीच्या तेरा जुन्या विनाशिका होत्या आणि त्यांची सेवा 'ब्लॅक हॉक' नावाचे एक मूळचे व्यापारी जहाज १९२२पासून करीत होते. उन्हाळ्यात चीनचे चेफू बंदर, हिवाळ्यात मनिला, असा तिचा क्रम. युद्ध पेटले तेव्हा ती बोर्निओतील बालिकपापानला होती. जपानी सैन्य दक्षिणेकडे सरकू लागले तशी तिची भटकंती सुरू झाली. सुराबाया, डार्विन, पुन्हा जावाचा दक्षिण किनारा. अखेर फेब्रुवारी १९४२मध्ये तिला ऑस्ट्रेलियाकडे पाठवण्यात आले. निर्णय योग्यच होता. नि:शस्त्रप्राय, संथ आणि एकमेव असे ते जहाज गमावणे परवडणारे नव्हते. पण तिच्याबरोबर कारखाना गेला आणि पाणतीरांचा साठाही गेला.

परिणाम लगेच दिसला. १९-२० फेब्रुवारीच्या रात्री बाली बेटाजवळच्या चकमकीत जखमी झालेली 'स्ट्युअर्ट' सुराबायाच्या तरत्या गोदीत घेण्यात आली. गोदी वर येऊ लागली आणि नीट टेकू न दिल्यामुळे विनाशिका ठोकळ्यांवरून घसरून कुशीवर कोसळली. शत्रूच्या तोफेने न साधलेले काम लाकडाच्या चुकीच्या टेकूने साधले. मार्चच्या आरंभी सुरुंग लावून तिला सोडून देण्यात आले. २७ फेब्रुवारीला जावा समुद्राच्या लढाईत चार अमेरिकी विनाशिकांनी आपले पाणतीर सोडले. पुन्हा भरण्यासाठी पाणतीर सुराबायात नव्हते, म्हणून त्यांना बालीच्या सामुद्रधुनीतून ऑस्ट्रेलिया गाठावी लागली. तेरांपैकी पाच विनाशिका त्या मोहिमेत गेल्या. 'स्ट्युअर्ट'ची कथा मात्र तेथे संपली नाही. जपान्यांनी तिला वर काढले, धुराड्यांची ठेवण बदलली आणि गस्तीनौका क्रमांक १०२ म्हणून वापरात आणली. शत्रूच्या पाण्यात अमेरिकी विनाशिका दिसल्याचे वृत्तांत वैमानिक देत राहिले. १९४५ साली ती अमेरिकनांच्या हाती परत आली, १९४६ साली नेमबाजीचे लक्ष्य म्हणून बुडवली गेली आणि २०२४ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे तळाशी तिचा सांगाडा सापडला.

ब्रिटिशांनाही अशीच किंमत द्यावी लागली. १९४०ची नवी 'हेक्ला' ही विनाशिकांची परिचर्यानौका १२ नोव्हेंबर १९४२ रोजी जिब्राल्टरच्या पश्चिमेस 'यू-५१५' या जर्मन पाणबुडीने बुडवली. माणसे वाचवायला थांबलेल्या 'मार्न' या विनाशिकेचा मागचा भाग पाणतीराने उडाला. 'व्हेनमस' या दुसऱ्या विनाशिकेने पाण्यातील माणसे उचलली. अडीचशेहून अधिक खलाशी बुडाले. जिने लेकींना जपायचे तिला लेकींनी पाण्यातून वेचावे, असा तो प्रसंग होता.

१९४४पर्यंत अमेरिकनांनी धडा घेतला होता. तळ मागे ठेवून आरमार पुढे न्यायचे नाही. तळच आरमाराबरोबर न्यायचा. कमोडोर वॉरल कार्टर यांच्या आधिपत्याखालील दहाव्या सेवापथकाने हे घडवले. मार्शल बेटांतील माजुरो, मग एनिवेटोक, मग सप्टेंबर १९४४मध्ये प्रतिकाराविना हाती आलेले उलिथी. उलिथी पर्ल हार्बरपासून साडेतीन हजारांहून अधिक मैल दूर. धक्का नाही, क्रेन नाही, गोदी नाही. होते ते फक्त प्रवाळाच्या कड्याने वेढलेले विस्तीर्ण सरोवर. तेलवाहू जहाजे, दारूगोळ्याची जहाजे, तरत्या गोद्या, रुग्णालये आणि परिचर्यानौका यांनी त्या रिकाम्या पाण्यावर बंदर उभे केले. ओकिनावाच्या स्वारीपूर्वी, मार्च १९४५मध्ये, तेथे सहाशेहून अधिक जहाजे एका वेळी नांगरलेली होती. त्यासाठी मोगमोग बेटावरच्या मूळ रहिवाशांना फासराई बेटावर हलवण्यात आले आणि त्यांच्या मुखियाच्या त्या बेटावर खलाशांची करमणूक होऊ लागली, हेही येथे नोंदले पाहिजे. कार्टर यांनी १९५३ साली या सेवेचा इतिहास लिहिला. शेंगा, गोळ्या आणि काळे तेल अशा तीन वस्तूंवरून त्याचे शीर्षक बेतलेले आहे. सॅम्युएल एलियट मॉरिसन यांच्या पंधरा खंडांच्या भव्य नौदलेतिहासासमोर हा एक खंड फारच थोड्यांनी उघडला. मॉरिसन यांचे गद्य निःसंशय श्रेष्ठ आहे; परंतु युद्ध कसे चालते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने कार्टर आधी वाचावेत.

आता त्या चक्रीवादळाकडे वळले पाहिजे. १७ डिसेंबर १९४४ रोजी विनाशिकांच्या टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या. 'स्पेन्स'ने 'न्यू जर्सी' या हॉल्सींच्या ध्वजनौकेच्या बाजूने येऊन तेल घेण्याचा प्रयत्न केला. उसळत्या समुद्रात नळ तुटले. रिकाम्या टाक्यांचे जहाज डोकेजड होते. त्याचा तोल राखण्यासाठी तळाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेता येते. कोकणातले जुने दर्यावर्दी गलबताच्या तळाशी दगड किंवा वाळू भरत आणि त्याला 'नीरम' म्हणत, त्यातलाच हा प्रकार. पण नीरमाचे पाणी पुन्हा उपसायला वेळ लागतो, आणि तेलात खारे पाणी राहिले तर बॉयलरची आग विझण्याचा धोका. कोणत्याही घटकेला तेलवाहू जहाज भेटेल या अपेक्षेत काहींनी पाणी भरणे लांबणीवर टाकले. तेल घेण्याची ठिकाणे पुन्हा पुन्हा बदलत गेली आणि आरमार वादळाच्या वाटेत शिरले.

'हल' आणि 'मॉनहन' या १९३०नंतरच्या दशकातील 'फॅरागट' वर्गाच्या नौका. त्या बांधल्या तेव्हा रडार नव्हते आणि विमानविरोधी लहान तोफांची गर्दी नव्हती. युद्धाने ही सगळी सामग्री त्यांच्या माथ्यावर चढवली. प्रत्येक तोफ आवश्यक होती, प्रत्येक यंत्र कोणाचा तरी जीव वाचवणार होते, आणि प्रत्येकाने जहाजाचा गुरुत्वमध्य थोडा वर सरकत गेला. गोदीतील आणि परिचर्यानौकांवरील कुशल हातांनी जे बसवले, ते बसवण्यात कुठेही कुचराई नव्हती. दुरुस्तीच्या इतिहासातील ही सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. चांगल्या कामांची बेरीजही घातक होऊ शकते, आणि ती बेरीज करणारा माणूस कोणत्याही एका जहाजावर नसतो.

'हल'वरचे ६२, 'स्पेन्स'वरचे २४ आणि 'मॉनहन'वरचे केवळ ६ जण वाचले. यांतील ५५ जणांना स्वतःचा डोलखांब गमावलेल्या 'टॅबरर' या लहान अनुरक्षक नौकेने पाण्यातून काढले. 'मॉनहन'चा एकही अधिकारी उरला नव्हता. वाचलेल्यांतील सर्वांत वरच्या दर्जाचा माणूस होता जोसेफ मॅक्क्रेन, आणि त्याचा हुद्दा 'वॉटर टेंडर', म्हणजे बॉयलरच्या पाण्याची निगा राखणारा. पर्ल हार्बरमध्ये जपानी छोट्या पाणबुडीला धडक देऊन बुडवणाऱ्या त्या विनाशिकेची अखेरची हकीकत जगाला सांगितली ती या माणसाने. त्याच वर्गाची 'ड्युई' एक धुराडे गमावून परतली. तिचे कप्तान रेमंड कॅलहून यांनी १९८१ साली या वादळावर पुस्तक लिहिले. मंडळाने मुख्य जबाबदारी हॉल्सींवर ठेवली, पण ती युद्धाच्या ताणाखाली झालेल्या निर्णयातील चुकांची, निष्काळजीपणाची नव्हे, असे म्हटले. 'फॅरागट' वर्गाच्या स्थैर्याचा प्रश्नही तेथे आला. फेब्रुवारी १९४५मध्ये ॲडमिरल चेस्टर निमिट्झ यांनी सर्व कप्तानांना पत्र पाठवून या वादळाचे धडे समजावले.

बुडालेल्या 'स्पेन्स'चे आणखी एक देणे अमेरिकी नौदलाने बाळगले आहे, जरी ते फारसे कोणी बोलून दाखवत नाही. नोव्हेंबर १९४३मध्ये कॅप्टन आर्ली बर्क यांच्या तुकडीत तिचा एक बॉयलर निकामी होता. दुरुस्तीसाठी मागे राहण्याऐवजी ती तुकडीबरोबर निघाली आणि त्यामुळे सगळ्या तुकडीच्या वेगाला मर्यादा पडली. आपण ३१ नॉटने येत आहोत असे बर्क यांनी कळवले; हॉल्सींच्या कार्यालयातून थट्टेने त्यांना 'थर्टी-वन नॉट बर्क' म्हटले गेले. २५ नोव्हेंबरला सेंट जॉर्ज भूशिराजवळ या तुकडीने तीन जपानी विनाशिका बुडवल्या आणि स्वतःचा एकही माणूस गमावला नाही. थट्टेचे नाव पराक्रमाचे बिरुद झाले. आज अमेरिकेच्या विनाशिकांचा एक अख्खा वर्ग बर्क यांच्या नावाने ओळखला जातो. वेगाचे प्रतीक झालेला तो आकडा मुळात एका नादुरुस्त बॉयलरचा होता.

ललित साहित्याने या जगाकडे पाहिले ते तिरक्या नजरेने. हर्मन वूक यांनी जुन्या विनाशिकांतून रूपांतरित केलेल्या सुरुंगशोधक नौकांवर काम केले होते; १९५१ सालच्या 'द केन म्युटिनी'त त्यांनी अशीच एक झिजलेली नौका, डिसेंबर १९४४चे तेच वादळ आणि एक लष्करी खटला एकत्र आणले. टॉमस हेगन यांच्या १९४६ सालच्या 'मिस्टर रॉबर्ट्स'मधील नायक मालवाहू जहाजावर कंटाळलेला आहे आणि विनाशिकेवर बदली व्हावी म्हणून अर्जामागून अर्ज करतो. बदली मिळते आणि तेथे आत्मघातकी विमानाच्या हल्ल्यात तो मरतो. हेगन यांना पिछाडीच्या जहाजावरील माणसाचे शल्य अचूक कळले होते. लढाई क्षितिजापलीकडे आहे, तिच्याविना आपला दिवस निरर्थक आहे आणि आपल्याविना तिचाही, ही जाणीव. पण पिछाडीच्या कामाला त्यांच्या कादंबरीत केवळ कंटाळ्याचे रूप आहे. लेथवर शंभरावा वाल्व कातणाऱ्या माणसाला त्या कामात काही गवसत असेल, ही शक्यता कादंबरीने तपासली नाही. युद्धकथेला निर्णायक क्षण लागतो. परिचर्येला क्षण नसतो, सातत्य असते, आणि सातत्याचे कथानक करणे कोणत्याही भाषेत कठीणच.

या जहाजांच्या नावांतही एक वेगळी सृष्टी आहे. विनाशिकांना वीरांची नावे मिळत. परिचर्यानौकांपैकी अनेकींना नक्षत्रांची मिळाली. 'अल्टेअर' म्हणजे आपला श्रवण, 'डेनेबोला' म्हणजे उत्तरा, 'रायजेल' म्हणजे मृगातील राजन्य. युद्धाच्या अखेरच्या वर्षी या वर्गात आलेली 'अल्कोर' म्हणजे तर अरुंधती. वसिष्ठाशेजारची ती अंधूक तारका दाखवताना आधी ठळक तारा दाखवावा लागतो आणि मग तिच्याकडे बोट करावे लागते. अमेरिकी नामकरण समितीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९६७ साली सेवेत आलेल्या एका परिचर्यानौकेला मात्र कामगारनेते सॅम्युएल गॉम्पर्स यांचे नाव देण्यात आले, तेही अन्वर्थकच.

महायुद्धानंतर ही जहाजे अर्धशतक टिकली. १९७८मध्ये अमेरिकी कायदा बदलून स्त्रियांना समुद्रावरील सेवेची वाट खुली झाली ती प्रथम अशाच साहाय्यक नौकांवर. १७ मे १९८७ रोजी इराणच्या आखातात 'स्टार्क' या फ्रिगेटवर इराकी क्षेपणास्त्रे आदळून ३७ जण ठार झाले. जळालेले ते जहाज बहारीनला 'अकेडिया' या परिचर्यानौकेच्या बाजूला बांधले गेले आणि समुद्रप्रवासाला योग्य करून परत पाठवले गेले. भारतीय नौदलाने १९६८ साली सोव्हिएत संघाकडून घेतलेली आणि २००६ साली निवृत्त झालेली 'अंबा' ही याच कुळातली, मात्र पाणबुड्यांच्या सेवेसाठी. हे नाव, योगायोगाने असो वा नसो, जपानी शब्दाच्या अर्थाशी जुळते.

१९७५पासून गॅस टर्बाइनच्या विनाशिका आल्या. बॉयलर गेले, नळ्या गेल्या. बिघडलेले इंजिन जागेवर दुरुस्त करण्याऐवजी अख्खे बदलता येऊ लागले. शीतयुद्ध संपल्यावर खर्चाची छाटणी झाली आणि अमेरिकेची शेवटची विनाशिका-परिचर्यानौका 'शेनांडोआ' सप्टेंबर १९९६मध्ये निवृत्त झाली. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात स्फोटकांनी भरलेल्या होडीने 'कोल' या विनाशिकेची कूस फाडली आणि १७ खलाशी मारले गेले, तेव्हा बाजूला बांधून घेणारे जहाज उरले नव्हते. 'ब्लू मार्लिन' नावाच्या नॉर्वेजियन अवजड मालवाहू जहाजाच्या पाठीवर घालून तिला अमेरिकेला नेण्यात आले.

अमेरिकी नौदलात १९८०पासून एक प्रथा आहे. सेवेत सर्वांत दीर्घकाळ राहिलेल्या जहाजाने नागाचे चित्र असलेला जुना लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ध्वज नाळेवर लावायचा. तो मान प्रथम 'डिक्सी'ला मिळाला, १९८२ साली तिच्या निवृत्तीनंतर 'प्रेअरी'ला आणि १९९३ साली, थोड्या अंतराने, 'योसेमिटी'ला. तिन्ही महायुद्धातल्या, तिन्ही विनाशिकांच्या परिचर्यानौका. त्यांनी ज्यांची यंत्रे जोडली त्या विनाशिका तोवर भंगारात किंवा समुद्राच्या तळाशी गेल्या होत्या. १९९५ साली तो ध्वज एका विमानवाहू जहाजाकडे गेला.